हालवारचा कोट

एप्रिल लागला तशी गुन्वोरने नवऱ्याचा कोट खुंटीवरून काढला आणि अंगात घातला. नवरा, हालवार, नोव्हेंबरातच गेला होता. कोट राखाडी लोकरीचा, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला, तिच्या पार गुडघ्याखाली येणारा. डोक्यावर त्याची कानटोपी चढवली, पायात त्याचे रबरी बूट, पुढे मोजे कोंबून बसवलेले. मग आरशासमोर उभी राहून म्हणाली, "झालं. आता मीच तू."

असं का, ते ग्रोवोगमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. गावातलं शेवटचं घर गुन्वोरचं, आणि त्याच्या पुढे जमीन लांब समुद्रात घुसते. त्या टोकावर दगडांनी आणि जुन्या बोटींच्या फळ्यांनी बांधलेली बदकांची घरं आहेत. वसंतात एडर बदकं समुद्रातून वर चालत येतात, त्या घरांत शिरतात, आपल्याच छातीची पिसं उपटून त्यात अंडी झाकून बसतात. पिल्लं घेऊन गेली की मागे उरलेली पिसं माणसाची. त्यांच्या दुलया होतात. त्या बदल्यात माणसाने कावळ्याला, गरुडाला, पाणमांजराला लांब ठेवायचं आणि स्वतः अदबीने वागायचं. ठोकाठोक करायची नाही, कुत्रा पाळायचा नाही, दोरीवर कपडे फडफडवायचे नाहीत. सतरा मेला, राष्ट्रीय दिनी, सारा देश झेंडे लावतो, पण त्या टोकावर झेंडासुद्धा चढत नाही. आणि राखणदार एकच असतो. त्याने पहिल्या दिवशी जे अंगात घातलं, तेच शेवटपर्यंत घालायचं. बदक तोंड बघत नाही, कोट बघतं.

हालवारने हे काम चाळीसएक वर्षं केलं. गुन्वोरने तेवढीच वर्षं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. हंगामात तिला टोकावर पाऊल टाकायची मुभा नव्हती. घरात रेडिओ बंद. चमचा बशीवर आपटला तरी हालवार वळून बघायचा. त्याला ती बदकांवरून टोमणे मारी, "गेला का माझ्या सवतींची विचारपूस करायला?" तो हसायचाही नाही. हालवार जातीचा घुम्या होता. ‘मासा बरा झालाय’ एवढं त्याच्या तोंडून ऐकायला तिला नाताळची वाट बघावी लागे. गाव म्हणे, बदकांनी याला शांत केलंय. गुन्वोर म्हणे, याने बदकांना शांत केलंय, बिचारी घाबरून ओरडत नाहीत.

आता घरात खरोखरच शांतता होती, आणि ती तिला खायला उठायची. सकाळी ती दोघांची कॉफी उकळायची, मग अर्धी ओतून द्यायची. बटाटे सोलायला बसली की हाताला जुनीच सवय, एक मूठ जास्त.

ईस्टरला मुलीचा, राग्नीचा, ट्रॉन्डहाइमहून फोन आला. ईडूनचं, म्हणजे नातीचं, मे महिन्यात चर्चमध्ये दृढीकरण होतं. पोर मोठं झालं असं देवासमोर आणि सगळ्या गोतासमोर ठरायचा तो दिवस. त्याला आजीने नसणं म्हणजे लग्नात आईबापाने नसण्यासारखं.

"येशील ना, आई?" राग्नीने विचारलं. "मी मुद्दाम आधीपासून सांगतेय."

"येते की."

"बदकं?"

"अगं, ती काय माझ्याकडे येतायत? ती तुझ्या बाबांची."

राग्नी म्हणाली, "माझ्या दृढीकरणाला बाबांची खुर्ची रिकामी होती. चर्च समोरच्या किनाऱ्यावर, बोटीने अर्ध्या तासावर, तरी आले नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते. ईडूनच्या बाजूला मला तसली खुर्ची नकोय."

"येते म्हटलं ना," गुन्वोर म्हणाली. आणि तिने पेटीतला बुनाड बाहेर काढला. कार्याला घालायचा तो भरतकाम केलेला लोकरी पोशाख वाऱ्याला टांगला, तोही घरात, बाहेर नाही. चांदीचा ब्रोच घासून ठेवला. तिला मनातून खात्री होती, की बदकं काही तिच्या वाट्याला यायची नाहीत. मग कोट घालून घरांत वाळलेलं शेवाळ का भरत होती, तर हालवारने ते केलं असतं म्हणून. दुसरं कारण तिच्याकडे नव्हतं.

बदकं आली. एका सकाळी टोकापलीकडचं पाणी त्यांनी भरून गेलं. नर पांढरे-काळे, मिरवणारे. माद्या तपकिरी, कामाला निघालेल्या. त्या हळूहळू दगडांवर चढल्या, घरांच्या दिशेने डुलत आल्या. गुन्वोर श्वास रोखून उभी राहिली, मग हालवारसारखीच पाय फाकून, सावकाश, घरांमधून चालू लागली. बदकांनी माना वर केल्या. कोट पाहिला, टोपी पाहिली. आणि सगळ्या एकदम वळून पाण्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढल्या दिवशी तेच. येत, थांबत, बघत आणि निघून जात. गुन्वोर स्वतःला समजवायची, की बरंच झालं, सुंठीवाचून खोकला गेला, आता बिनघोर ट्रॉन्डहाइमला जाता येईल. पण खिडकीशी बसली की तिची नजर टोकाकडेच जायची. साऱ्या जगाने हालवारला पुरलं होतं. ही बदकं तेवढी असतील, की ज्यांना अजून तो दिसेल, असं तिला कुठेतरी वाटलं होतं. त्यांनाही तो मेल्याचं कळलं होतं.

शेजारी एडवीन कॉफीला आला. गुन्वोरच्या अलीकडचं घर त्याचं. जन्मभर मासेमारी केलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला, साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पिणारा माणूस.

"येतायत का?" त्याने विचारलं.

"येतात, बघतात, जातात. मी काय त्यांच्या सासूसारखी दिसते?"

"दिसतेस हालवारसारखीच. परवा उन्हात मी क्षणभर चरकलो. चालतेसही तशीच." एडवीनने खडा या गालातून त्या गालात नेला. "पण चोरासारखी गप्प चालतेस."

"गप्प नको तर काय करू? चाळीस वर्षं या घरात मी कपबशी वाजू दिली नाही."

"ते तुझं झालं. तो कुठे गप्प असायचा?"

गुन्वोरने किटली खाली ठेवली. "कोण?"

"हालवार. टकळी नुसती चालू असायची त्याची."

"आपला हालवार?"

"गावात दुसरा कुठला आहे? मी जाळी ओढायला यायचो ना, इंजिन बंद करून, वल्ह्यांवर. पाण्यावरून शब्द न् शब्द ऐकू यायचा."

"काय बोलायचा?"

"हेच आपलं, घरातलं. आज गुन्वोरने माशाचे गोळे केलेत, जायफळ जास्त पडलंय, पण मी बोललो नाही. गुन्वोरचा गुडघा दुखतोय, तिला वाटतं मला कळत नाही. गुन्वोर कालपासून फुगलीय, कशावरून ते विचारायची छाती होत नाही. असं. एकेका घरापाशी थांबून, तेच तेच सांगायचा. मला आपलं हसू यायचं."

गुन्वोरला हसू आलं नाही. "म्हणजे मी इथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची, आणि हा बाबा तिकडे सवतींशी गप्पा मारणार? आणि तू हे मला आत्ता सांगतोस?"

"मला वाटलं तुला ठाऊक असेल. नवरा तुझा."

एडवीनला वाटलं, आपण जास्तच बोललो. म्हणून माणूस करतो तसं त्याने ते सावरायला आणखी बोलून टाकलं.

"राग्नीच्या दृढीकरणाच्या दिवशी तर मला त्याची दयाच आली. तुम्ही पुढे गेला होतात. माझं इंजिन रुसलं होतं, मला उशीर झालेला. टोकाजवळून जाताना त्याने मला पाहिलं आणि पाण्यापर्यंत आला. किती वाजले, म्हणून विचारलं. मी सांगितलं. म्हणाला, म्हणजे आता आत जात असतील. आणि कोटाचं वरचं बटण काढून मला दाखवलं."

"काय दाखवलं?"

"आत पांढरा सदरा होता, कडक इस्त्रीचा. आणि टाय. तयार होऊन बसला होता गडी, कोटाखाली. मग बटण लावलं आणि गेला परत."

"कसला टाय?"

"भयाण. हिरवा. त्यावर पिवळे मासे होते की बोटी, देव जाणे. आणि एक टोक आखूड."

गुन्वोरने तो टाय ओळखला. राग्नीने शाळेच्या शिवणाच्या तासाला बापासाठी शिवला होता आणि नाताळात दिला होता. हालवारने कागद सोडवला, ‘हं’ म्हणाला, खिशात घातला, आणि पुन्हा तो कुणाच्या नजरेस पडला नाही. शेगडीत घातला असेल, असं राग्नी कडवटपणे म्हणायची. गुन्वोरही तसंच समजून होती. आता तिला तो बसलेला दिसला, कोट गळ्यापर्यंत लावलेला, आणि आत ते हिरवं आखूड टोक. तिने एडवीनला दुसरा कप विचारलाही नाही. तो आपसूक उठून गेला.

ती तशीच बाहेर पडली. बदकं दगडांवर चढत होती. गुन्वोर पहिल्या घरापाशी थांबली, कोटाच्या खिशांत मुठी घातल्या आणि म्हणाली, "जायफळ जास्त पडलं होतं, तर तोंडाने सांगायला काय झालं होतं तुला?"

माना वर झाल्या.

"जीभ झिजली असती? चाळीस वर्षं मी जायफळ घालतेय. तू गप्प खातोयस म्हणून मला वाटलं, आवडतंय." ती पुढच्या घराकडे गेली. आवाज तिने हालवारसारखाच खालच्या पट्टीत ठेवला होता. राग मात्र सगळा तिचा होता. "गुडघा दुखत होता, हो. दुखतच होता. एकदा चोळून दिला असतास तर बदकं काही उडून जात नव्हती. आणि मी कशावरून फुगले ते विचारलं असतंस, तर सांगितलं असतं. आता माझ्याच लक्षात नाही."

ती बोलत राहिली आणि रडत राहिली, आणि चालणं तिने थांबवलं नाही. शेवटच्या घरापासून वळली, तेव्हा एक तपकिरी मादी तिच्या बुटांच्या शेजारून डुलत गेली आणि पायरीजवळच्या घरात शिरली. आत शेवाळ खसखसलं. मग ती बसली.

आठवडाभरात घरं भरली. नेहमीप्रमाणे नर बायकांना बसवून समुद्रावर निघून गेले. ‘तुमचीही तीच तऱ्हा,’ म्हणून गुन्वोरने प्रत्येकीपाशी कुजबुज केली. तिला इतका आनंद झाला होता की राग्नीला दिलेला शब्द आठवायला दोन दिवस लागले. आठवला तेव्हा ती मटकन शेवाळाच्या ढिगावर बसली.

राखणदाराविना एक दुपार गेली तरी कावळ्यांना कळतं. हालवारचं अपेंडिक्स कापलं त्या वर्षी तसंच झालं होतं. अंडी फुटली, बदकं उठली, आणि पुढची कितीतरी वर्षं निम्मी घरं रिकामी राहिली. एकदा मोडलेलं मन बदक सहज जोडत नाही. ट्रॉन्डहाइमला जाऊन यायचं तर दोन रात्री हव्यात.

एडवीन म्हणाला, "मी घालतो ना कोट." घातला. पोटावर बटण लागेना, ते दोरीने बांधलं. घरांच्या दिशेने चार पावलं गेला आणि त्याला त्याचा जन्माचा खोकला आला. जवळच्या तीन बदकिणी अंडी उघडी टाकून पाण्यात गेल्या. एडवीन तसाच पाठमोरा परत आला. "मला वाटतं, त्यांनी मला ओळखलं," तो म्हणाला.

म्हणून गुन्वोरने फोन केला.

"ती बदकं आहेत, आई," राग्नी म्हणाली.

"माहीत आहे."

"ईडून तुझी नात आहे."

"तेही माहीत आहे."

"बाबांनी निदान येतो असं कधी म्हटलं नव्हतं. तू म्हणालीस."

गुन्वोरच्या जिभेवर टाय आला होता. पण तिने तो गिळला. लेकीला नाही म्हणायला मेलेल्या माणसाचा टाय पुढे करायचा, हे तिला हलकटपणाचं वाटलं. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली. राग्नीने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. गुन्वोर आपला फोन टॉवेलात गुंडाळून पावाच्या डब्यात ठेवायची, वाजू नये म्हणून. संध्याकाळी काढून बघायची आणि परत गुंडाळायची.

दृढीकरणाचा रविवार उजाडला. गुन्वोरने बुनाड घातला. लोकरी घागरा, भरलेली चोळी, पांढरा झंपर, गळ्याशी चांदीचा ब्रोच. ब्रोचच्या लोंबत्या चकत्या पाऊल टाकलं की किणकिणत. तिने तो काढला, हालवारच्या रुमालात घट्ट बांधला आणि झंपराच्या आत, छातीशी अडकवला. त्यावर कोट चढवला. घागरा खाली दिसत होता, म्हणून तो वर खोचून दोरीने आवळला. कोटात ती आता पोत्यासारखी दिसत होती. बदकांनी माना वर केल्या, पण कोट तोच होता, आवाज तोच होता. त्यांनी माना परत पिसांत घातल्या.

"आज ईडूनचा दिवस आहे," गुन्वोर पहिल्या घरापाशी म्हणाली. "तिचे केस कमरेपर्यंत आलेत. कुणी वेण्या घातल्या असतील कोण जाणे. तिच्या आईला सरळ वेणी कधी जमली नाही." दुसऱ्या घरापाशी म्हणाली, "मीच घालणार होते."

गावात कुणी नव्हतं. दृढीकरणं सगळीकडे याच दिवसांत असतात, कुणाच्या ना कुणाच्या घरी आज क्रीमचा केक कापला जात होता. एडवीनसुद्धा धुतलेला सदरा घालून भाचीकडे गेला होता. गुन्वोर दगडावर बसली. घड्याळ ती विसरली होती, आणि घरांमधून परत जाणं-येणं करून बदकांना उगाच हलवायचं नव्हतं. आता ते चर्चमध्ये जात असतील की बाहेर येत असतील? तिने पाण्याकडे पाहिलं. एखादी बोट असती तर विचारलं असतं. हालवारला निदान एडवीन भेटला होता.

ऊन आलं. कोटात तिला उकडू लागलं, पण बटण काढायचं धाडस नव्हतं. तिने कोटावरूनच छातीशी हात नेला आणि रुमालाची गाठ चाचपली. इतकं एकटं तिला दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान माणसं होती, कॉफी करायची होती. "तुला असंच वाटलं का रे?" तिने विचारलं. पायरीजवळची बदकीण डोळे मिटून बसली होती.

संध्याकाळी, ऊन अजून छपरांवर असताना, घरांवरून शेवटची फेरी मारून ती स्वयंपाकघरात आली आणि कोट न काढताच तिने फोन लावला. बराच वेळ वाजला. मग राग्नीने उचलला. मागे बशांचे आणि हसण्याचे आवाज येत होते.

"नीट झालं?" गुन्वोरने विचारलं.

"झालं."

"ईडून?"

"छान दिसली. तुझी खुर्ची आम्ही आधीच काढून टाकली. रिकामी दिसायला नको."

"बरं केलंत." गुन्वोरने कोटाचं वरचं बटण चाचपलं. मग ती म्हणाली, "मी बुनाड घातलाय."

"काय?"

"कोटाखाली. सकाळपासून. ब्रोच रुमालात बांधलाय, वाजतो म्हणून."

मागचे आवाज कमी झाले. राग्नी दुसऱ्या खोलीत गेली असावी. "आई, हा काय वेडेपणा?"

"घराण्यातलाच आहे," गुन्वोर म्हणाली. आता ‘येत नाही’ हे सांगून झालेलं होतं, आता त्यातून काही मिळवायचं नव्हतं. म्हणून तिने सांगितलं. एडवीनचं रुसलेलं इंजिन, किती वाजले ते विचारणं, वरचं बटण. "पांढरा सदरा आणि टाय. हिरवा होता. त्यावर मासे होते की बोटी, ते एडवीनला कळलं नाही."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"बोटी," राग्नी म्हणाली. "बोटी होत्या त्या."

"मला वाटलंच."

"कुठे आहे तो?"

"माहीत नाही गं. माळ्यावर त्याचा पेटारा आहे, मी अजून उघडला नाही. थांब, आत्ता जाऊन बघते."

"आत्ता नको," राग्नी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली उतरला, लहानपणी त्या घरात बोलायची तसा. "माळ्याची शिडी वाजते. पक्षी उठतील. ते गेले की मी येते, मग बघू."